सिद्धांक आणि मंगळवारचा कॉम्प्युटर

त्या मंगळवारी सकाळी आमच्या केळी सोसायटीच्या आवारात एवढी माणसं लोटली होती, की वजनकाट्यावर तीन म्हातारे चढून बसले होते आणि काटा बिचारा त्यांचंही वजन दाखवत होता. बाहेर यावलच्या रस्त्याला केळीने भरलेले अकरा ट्रक उभे. ऊन चढत होतं, माल तापत होता, आणि ज्यांचा माल होता तेच ट्रककडे पाठ करून काचेच्या खोलीत डोकावत होते. कारण आत अंकमहाराज कॉम्प्युटरवरून लिंबू उतरवत होते.

लिंबू सात वेळा फिरलं. महाराजांनी डोळे मिटून पंजा डब्यावर ठेवला आणि पुतण्याला हुकूम केला, "सुकदेवा, यंत्राला जागं कर."

सुकदेवने बटण दाबलं. डबा घरघरला, हिरवा दिवा लागला आणि बाहेरच्या सहाच्या सहा पडद्यांवर अक्षरं उमटली. आवारात महाराजांचा जयजयकार झाला. एका आजींनी तर जवळच्या मॉनिटरची खणाने ओटीच भरली. मी माझ्या आवक-जावकच्या टेबलाशी बसले होते. रजिस्टरात लिहिलं: 'सकाळी १०.३४, कॉम्प्युटर चालू. लिंबू एक.'

ही गोष्ट १९९३ सालची. कॉम्प्युटर सोसायटीत येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. म्हणजे काय, तर काचेच्या खोलीत एक मोठा डबा, आणि बाहेर टेबलांवर सहा पडदे, वायरींनी त्या डब्याला जोडलेले. डोकं सगळं डब्यात; पडद्यांना स्वतःचं काही नाही. शेतकऱ्याने घड आणले, वजन झालं, की पावती पडद्यासमोर बसून डब्यात भरायची. मग कोणाचा माल कुठल्या ट्रकमध्ये, ते डबा सांगणार. त्याने सांगितल्याशिवाय ट्रक हलत नसे. डब्यासाठी खोलीत एसी बसवला होता. गावातला पहिला एसी. मे महिन्यात डब्याची चौकशी करायला येणाऱ्यांची संख्या फार वाढायची.

आता नाना. लीलाधर नाना म्हणजे चाळीस वर्षं सोसायटीच्या वह्या लिहिलेला माणूस. नवं पान काढलं की आधी वर 'श्री', मग बाकीचं. सकाळची पहिली यादी नेहमी नानांनीच सुरू करायची, हाही रिवाज. पण कॉम्प्युटर रोज सकाळी पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की आज तुमच्या यादीत पावत्या किती? आणि त्या चौकटीत आकड्यांशिवाय दुसरं काही उमटायचंच नाही. नाना हैराण झाले. श्रीशिवाय काम सुरू करायचं म्हणजे त्यांना अनवाणी लग्नाला गेल्यासारखं वाटायचं. पहिले आठ दिवस त्यांनी मॉनिटरच्या काचेवरच कुंकवाने श्री काढला. मग कंपनीचा माणूस आला आणि काच पुसत बसला.

अंकमहाराज आमच्याकडे आले ते शिरपूरकडून. तिकडे ते लोकांना आकडे द्यायचे. घराला कुठला नंबर शुभ, मुलीच्या लग्नाला कुठली तारीख, आणि हळू आवाजात, मटक्याला काय लावावं. ज्याचा आकडा लागला तो पेढे घेऊन यायचा, ज्याचा बुडाला तो नवा आकडा मागायला यायचा. दोन्हीकडून दार उघडंच. त्यांचा पुतण्या सुकदेव जळगावला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून आमच्याच काचेच्या खोलीवर रोजंदारीने लागला होता. किल्ली त्याच्याकडे. त्याच्या मागोमाग काका आले, आणि आल्या आल्या प्रवचन झालं.

"मंडळी, कॉम्प्युटर कशातून जन्मला? शून्यातून आणि एकातून. शून्य म्हणजे ब्रह्म. एक म्हणजे तुम्ही-आम्ही. मग यात अमेरिकेचं काय आहे?"

अमेरिकेचं काहीच नाही हे सगळ्यांना लगेच पटलं.

नानांनी आपली श्रीची अडचण सांगितली. महाराजांनी भगव्या शाईने चिठ्ठी लिहून दिली: १०८१०८१०८. हा सिद्धांक. श्रीच्या जागी हाच. मात्र रोज नाही, फक्त मंगळवारी, दहाच्या ठोक्याला. चौकटीत आकडा टाकायचा, बटण दाबायचं, लगेच डोळे मिटायचे आणि माळेचे एकशे आठ मणी ओढायचे. मध्ये पृथ्वी हलली तरी डोळे उघडायचे नाहीत.

नाना नेम पाळण्यात कडक. ते डोळे मिटून माळ ओढायचे. बाकीचे चार कारकून त्या वेळी टपरीवर चहा घेत असायचे. दहाला आपल्या पडद्यासमोर बसून काम सुरू करायची ती एकटी मंजुळा. आणि ती दोन-चार पावत्या भरते न भरते तोच डबा अडायचा. सगळे पडदे जागच्या जागी गोठायचे, काचेच्या खोलीत लाल दिवा एकसारखा जळत राहायचा. मग महाराजांना बोलावणं, लिंबू, निद्रा म्हणजे बटण बंद, जागृती म्हणजे बटण चालू. स्वतः बटण बंद करायची सोय नव्हती. लिंबाशिवाय बंद केला तर डबा जळेल, असं महाराजांनी बजावलं होतं आणि किल्लीवाला सुकदेव मान डोलावत होता.

तिसऱ्या मंगळवारी महाराजांनी निदान केलं. यंत्राला सौभाग्य लागतं. अडतं ते मोकळ्या कपाळाच्या बोटाने.

मंजुळाचा नवरा सोसायटीचाच ट्रक चालवायचा. चोपड्याच्या रस्त्याला अपघातात गेला, तेव्हा ती पंचवीसची आणि पोर कडेवर. जळगावला टायपिंगच्या परीक्षा देऊन तिने ही नोकरी धरली होती. भावाच्या पडवीत राहायची, मुलगी दुसरीत. नोकरी गेली तर भाऊ ठेवणार नव्हता; पाचोऱ्याकडे सासरी जावं लागलं असतं, आणि सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की नातीला शाळा पुरे, गुरांमागे एक माणूस कमीच पडतं. हे सगळं गावाला माहीत होतं. तरी पाचव्या मंगळवारी, म्हणजे त्या अकरा ट्रकांच्या दिवशी, चेअरमन चुडामण आबांनी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. तिच्या जागी बसायला एक माणूस तयारच होता: सुकदेव.

आबा माणूस वाईट नाही. मला म्हणाले, "ताईबाई, मले काय हौस आहे का? ट्रक उभे राह्यतात, केळी काळी पडतात. लोकायले काय सांगू?"

मी म्हटलं, "आबा, तारीख कोणती टाकली?"

"पुढच्या मंगळवारची. महाराज सर्वांसमोर यंत्र मंत्राने बांधून देनार आहेत."

म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते.

मी शिकले ती सातवीपर्यंत. पुढचं फवारणीच्या औषधांची माहितीपत्रकं आणि खताच्या गोण्या वाचून. आवक-जावकची एक खोड लागते, आलेलं-गेलेलं वेळेसकट टिपून ठेवायची. त्या संध्याकाळी पाच मंगळवार काढून बघितले. चौथ्या मंगळवारी मंजुळाच्या मुलीला ताप होता. मंजुळा अकराला आली होती. डबा मात्र १०.०४ ला अडलेला. मला आठवलं, तेव्हा मी महाराजांना विचारलंही होतं. ते म्हणाले होते की बाई नसली तरी तिची छाया खुर्चीत राहते. छाया किती दिवस राहते, म्हटलं, तर म्हणाले, ती मंगळवारीच बाधते, बुधवार उजाडेपर्यंत. बाकीच्या दिवशी डबा का अडत नाही त्याची सोय त्यांनी अशी लावून ठेवली होती.

मग मंगळवारी वेगळं काय होतं? मंजुळा तर रोजच बसायची. वेगळी एकच गोष्ट होती, नानांचा सिद्धांक.

कपाटात कंपनीचं इंग्रजी पुस्तक धूळ खात होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी पावत्यांचं पान लावलं. दोन रात्री गेल्या त्या अर्ध्या पानात. त्यात लिहिलं होतं, की तुम्ही पावत्यांची जी संख्या सांगाल, तितक्या पावत्यांसाठी डबा आपल्या स्मरणात आधी जागा राखून ठेवतो. संख्या फार मोठी असेल तर काय करतो, ते मी पुढची चार पानं शोधलं. काहीच लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी होती. ट्रक नव्हते. मंजुळा दवाखान्यात गेली होती. मी नानांच्या पडद्यासमोर बसले आणि पावत्यांच्या चौकटीत पाच हजार टाकले. डबा जरा थबकला, पण चालला. मग पन्नास हजार. लाल दिवा मिनिटभर लागून राहिला, आणि विझला. मग एका ओळीत नऊ वेळा नऊ. सिद्ध नाही, शुभ नाही, नुसते नऊच नऊ. मी माझ्या टेबलाशी परत येऊन जेवणाचा डबा सोडला.

दुसरी चपाती संपायच्या आत सगळे पडदे गोठले.

सुकदेव खानावळीतून दात कोरत आला. लाल दिवा बघितला, पडद्यावरचे नऊ बघितले, आणि त्याचा हात तोंडातच राहिला. इकडे-तिकडे पाहिलं. मी भाजीत मीठ कमी आहे असा चेहरा करून जेवत होते. तो किल्ली लावून आत गेला. काकांना बोलावलं नाही, लिंबू आणलं नाही, तोंडातून एक अक्षर काढलं नाही. बटण बंद, बटण चालू. दोन मिनिटांत डबा सुरू. बाहेर आला आणि माझ्याकडे बघून उगाच हसला.

तेव्हा मला कळलं की हे बिचाऱ्या नानांच्या माळेचं प्रकरण नव्हतं.

मंगळवारी आवार पुन्हा भरलं, बाहेर पुन्हा अकरा ट्रक. या वेळी बायकाही आल्या होत्या. महाराज पाटावर, पुढे पाच लिंबं. मंजुळा भिंतीशी उभी, पदर दातात. मी आबांना एवढंच म्हटलं, की सही केलेला कागद तुमच्या खिशात आहे तो आहेच. अर्धा तास मला द्या, मग काय ते करा. महाराजांना गर्दी आवडायची. ते म्हणाले, बोलू द्या बाईंना.

मी नानांना म्हटलं, "आज सिद्धांक नको. खऱ्या पावत्या किती ते टाका. आणि माळ ओढू नका, डोळे उघडे ठेवा."

नानांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. नानांनी सेहेचाळीस टाकले. मंजुळाला मी तिच्या खुर्चीत बसवलं. मंगळवार, दहा वाजलेले, मोकळं कपाळ, सगळं जागच्या जागी. तिने वीस पावत्या भरल्या. डबा गुणगुणत होता. बाहेरचे दोन ट्रक हललेसुद्धा.

महाराज म्हणाले, आम्ही समोर बसलो आहोत, म्हणून चालतंय.

"बरोबर," मी म्हटलं. "मग समोरच बसा." मंजुळाला मी बाहेर ट्रकांपाशी पाठवलं आणि आबांना नानांच्या खुर्चीत बसायची विनंती केली. आबांच्या घरी पाच लेक, अकरा नातवंडं, अंगणात तुळस, कपाळावर गंध. त्यांच्यापेक्षा शुभ बोट तालुक्यात सापडलं नसतं. महाराजांचीच भगवी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. आबांनी चष्मा लावून एकेक आकडा दाबला.

मी सगळ्यांना लाल दिव्याकडे बघायला सांगितलं. दिवा लागला. लागूनच राहिला. तिसऱ्या मिनिटाला सगळे पडदे गोठले.

"महाराज," मी म्हटलं, "आता आबांचा राजीनामा घ्यायचा का?"

वजनकाट्यावरचे म्हातारे हसले, मग सगळं आवार हसलं. आबा हसले नाहीत. ते आपल्या बोटाकडे बघत होते.

महाराजांनी लिंबाला हात घातला. मी म्हटलं, आज राहू द्या, लिंबं महाग आहेत. दारात ट्रकमधून पडलेलं एक कच्चं केळं होतं, ते उचललं. आबांनी सुकदेवकडून किल्ली मागून घेतली. मी आत गेले, डबा बंद केला, केळं सात वेळा ओवाळलं आणि जितकं मला येतं तितकं, म्हणजे दोनचा पाढा, म्हटला. बटण चालू. हिरवा दिवा. बाहेर पडद्यांवर अक्षरं.

मग आबांनीच, कोणी न सांगता, चौकटीत नुसते एकशे आठ टाकून बघितले. डबा चालत राहिला. त्यांनी महाराजांकडे वळून विचारलं, "एकदा टाकलं त चालतं, तीनदा टाकलं त बसतं. हे कसं व्हय?"

महाराज एरवी पुस्तकातलं मराठी बोलायचे. त्या वेळी तोंडातून घरची बोली आली. "माले काय माहीत? मी त नुसता आकडा दिन्हा. मशीनचं बठ्ठं हाऊ सुकदेव देखस." म्हणजे मशीनचं सगळं हा सुकदेव बघतो.

आणि सुकदेव सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुम्हीच त सांगं मोठा आकडा टाकाले."

पुढचं दोघे आपसात बोलले, त्यातलं बरंच इथे लिहिण्यासारखं नाही. तात्पर्य असं, की मोठा आकडा टाकला की हा डबा बसतो, हे सुकदेवला कामावर लागल्याच्या महिन्यात, चुकून जास्त शून्यं पडल्यावर, समजलं होतं. कंपनीला कळवायचं सोडून त्याने ते काकांना कळवलं. काकांना त्यात पुतण्याची कायमची नोकरी दिसली. अडवायचा आकडाही त्यांचा, सोडवायचं लिंबूही त्यांचं, आणि मधल्या मिनिटांत ज्या बाईचं बोट सापडेल तिच्यावर खापर.

लोकांना अजून उलगडत नव्हतं, की नुसत्या आकड्याने एवढा डबा कसा बसतो. मी त्यांना लग्नाची पंगत सांगितली. आपल्याकडे चूलबंद आवतन देतात, घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. तरी आचारी विचारतोच, तुमच्याकडून पानं किती? सेहेचाळीस म्हटलं, तो सेहेचाळीस पत्रावळी मांडतो, लोक बसतात, जेवतात, उठतात. आता समजा एक जण आला आणि म्हणाला, माझी दहा कोटी एक्याऐंशी लाख आठ हजार एकशे आठ पानं.

काट्यावरच्या म्हाताऱ्यांतले गिरधर म्हणाले, "त्याले आचारी म्हनीन, आधी तू घरी जाय."

"आचारी म्हणेल," मी म्हटलं. "पण हा डबा म्हणत नाही. याला तसं विचारायला कोणी शिकवलंच नाही. हा निमूट पानं मांडत सुटतो. मांडव भरला, अंगण भरलं, रस्ता भरला, तरी मांडतोय. खरे पाहुणे दारात उभे, त्यांना बसायला वीतभर जागा नाही. पंगत अडली. जेवायला आलेल्या मंजुळाचा त्यात काय दोष? आणि बंद करून चालू केलं, की सगळ्या पत्रावळी गोळा होतात, मांडव मोकळा. लिंबू तिथे फक्त बघायला असतं."

यावर नाना उठले. हळू चालत बाहेर ट्रकांपाशी गेले. मंजुळासमोर उभे राहून त्यांनी हात जोडले. इतक्या वर्षांत मी त्यांना देवाशिवाय कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"पोरी, बोट माझं होतं," ते म्हणाले. "डोळे उघडे असते तर माझ्यासमोरच दिसलं असतं. मीच मिटून बसलो."

आबांनी खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला, चार तुकडे केले, आणि नऊ ट्रक उभे होते म्हणून डोळे पुसत पुसतच खुर्चीत जाऊन बसली. महाराज त्याच दुपारच्या एसटीने शिरपूरला गेले. सुकदेवला आबांनी काढलं नाही, पोलिसांत द्यायचं की नाही यावर सभा बसली. तोवर पुतण्याही काकांच्या मागोमाग गेला होता.

कंपनीला पत्र मंजुळानेच लिहिलं, टाइप करून, तारीख-वेळेसकट. महिन्याभराने त्यांचा माणूस आला. तासभर बसून त्याने एवढंच केलं, की पाचशेहून मोठा आकडा कोणी टाकला तर डबा आधी विचारतो, नक्की का? आणि पाच हजारांच्या पुढे तर ऐकतच नाही. मी त्याला म्हटलं, हे आधी का नव्हतं? तो म्हणाला, ताई, एवढ्या पावत्या कोणी टाकेल असं वाटलंच नाही. शहाण्या माणसांचंही असं असतं. समोरचा सांगेल ते खरंच असणार, असं धरून चालतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी गर्दी पांगतानाचं. सुमनबाई म्हणून एक शेतकरीण होत्या, कधी माझ्याशी न बोललेल्या. त्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची सून सात महिने माहेरी होती. ती घरात आली आणि विहीर आटली, असं याच महाराजांनी शिरपूरला असताना सांगितलं होतं.

"ताईबाई," त्या म्हणाल्या, "आमच्या विहिरीत काय टाकलं असंन?"

मी विचारलं, शेजारच्यांच्या विहिरींना पाणी आहे का? त्या म्हणाल्या, कुठे आहे, बठ्ठ्याच कोरड्या. बोलता बोलताच थांबल्या. मग मला विचारलं, सुनेच्या माहेरच्या गावाची गाडी किती वाजता आहे.

तुमच्याकडेही काहीतरी अडलं असेल. मोटार, विहीर, गाय, पोराची परीक्षा. अडलं की कोणाचा पाय लागला हे सांगणारे शंभर जण धावत येतील. त्यांना पाणी द्या आणि बसवा. मग आपण उठून नीट बघा, की अडायच्या आधी काय झालं, ते माणूस नसतानाही अडतं का, आणि ते माणूस असताना कधी चालतं का. एवढे तीन प्रश्न विचारायला कॉम्प्युटर लागत नाही, इंग्रजी लागत नाही, सातवीचीही गरज नाही. फक्त त्या वेळी डोळे उघडे ठेवावे लागतात, कोणी कितीही मणी ओढायला सांगितले तरी.